लग्नपत्रिका नव्हे, पेपर आहे हा

आमच्याकडची लग्नपत्रिका तुम्ही बघितली नसेल तर माझा राग तुम्हाला कळायचा नाही, म्हणून आधी ती सांगते. पत्रिकेवर नवरा-नवरी असतात, नाही असं नाही, पण त्यांना शोधायला घरातली चष्म्याची सगळी माणसं कामाला लावावी लागतात. बाकी सगळी नावं. निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, विनीत, आणि शेवटी 'समस्त' लावून उरलेलं गाव. एकदा उंद्रीहून एका लग्नाची पत्रिका आली. देऊळगाव राजाच्या स्टँडवर बसमध्ये बसल्या बसल्या मी ती वाचायला घेतली, तर चिखली आली तरी नावं संपली नव्हती, आणि लग्नाची तारीख सापडली तेव्हा मंडपवाला बांबू गाडीत भरत होता. यातला मंडपवाला मी पदरचा घातलाय. नावं मात्र खरी.

नावं घालावीच लागतात, कारण राहिलं की माणूस रुसतो. माझ्या लग्नात एका मावसोबांचं नाव राहून गेलं. ते आले, जेवले, आहेर दिला आणि प्रत्येक फोटोत पाठ करून उभे राहिले. अल्बममध्ये आजही त्यांची पाठच आहे.

लग्नाला हे ठीक आहे. लग्न सगळ्यांचं असतं. माझा पेपर सगळ्यांचा नव्हता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जितके तास शिकवाल तितक्याच तासांचा पगार, सुट्टी लागली की आपण माणसातून उठलो, आणि जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात नव्यानं उभं राहायचं की यंदा मी आहे का? पर्मनंट व्हायचं तर मुलाखत, आणि मुलाखतीला छापलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, हवा. तोही बऱ्या जर्नलमधला, ज्यात कोणी जाणता माणूस वाचून मग छापतो. माझी सगळी पुढची जिंदगी त्या एका पेपराला टांगलेली होती.

आमच्या स्टाफरूममध्ये पेपर कसे होतात तेही बघितलं होतं मी. एक चर्चासत्र भरतं, पिशवी मिळते, पिशवीत पेन मिळतं, आणि दुपारच्या मठ्ठ्यानंतर सगळ्यांचे पेपर एका जाडजूड पुस्तकात छापलेले मिळतात. ते पुस्तक बांधणीवाल्यानंतर कोणी उघडलेलं नाही. उघडलं तर आत एकाच पेपराची पाच भावंडं सापडतील, गाव बदललेलं, बाकी नाकडोळे तेच. मला याचा इतका संताप यायचा की मी ठरवलं, आपण करायचा तर खरा करायचा.

विषय मला माझ्या आईनं दिला, आणि तोही शिव्या देऊन.

आईचं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट आहे, देऊळगावला लागूनच. आमच्या तालुक्यात अशी हिरवी नेटं इतकी झालीत की वरून विमानातून बघणाऱ्याला वाटावं, इथल्या लोकांनी शेतं मच्छरदाणीत झोपवलीत. आत काम असतं क्रॉसिंगचं. संध्याकाळी फुलायच्या बेतातली कळी चिमट्यानं उघडायची, तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, उपटून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग बोटातल्या अंगठीच्या खोबणीत घ्यायचा आणि त्या फुलाला लावायचा. खुणेला दोरा बांधायचा. फळ धरलं तर बियाणं, नाही धरलं तर सगळी मेहनत मातीत.

मी कॉलेज करून, घाईघाईनं, उन्हं डोक्यावर आल्यावर नेटात पोचायची. माझ्या ओळीतली फुलं गळायची. आई सगळ्या बायकांपुढं म्हणायची, "हिचा हातच जड हाय. शिकून शिकून हातातलं पाणी गेलं हिच्या."

"आई, हाताला काय पाणी असते का?"

"मंग फळ काऊन नाई धरत तुह्या ओळीत? माह्या ओळीत पाह्य. दोरा बांधला की फळ हजर."

"तू पहाटे करते. मी येते तवा नेट म्हणजे भट्टी. पराग मरते त्या उन्हात."

"हाव, मरते! आंगठीतला पराग मरते अन् आंगठीवाली जित्ती राह्यते! हात जड हाय बाई तुहा, मान्य कर अन् चहा टाक."

हात जड. आमच्याकडे हा बट्टा एकदा लागला की पुढच्या हंगामाला त्या बाईला कोणी नेटावर बोलावत नाही. आणि हात कोणाचा जड निघतो? जिला घरी पाणी भरायचं असतं, पोराला शाळेत घालायचं असतं, म्हणून उशीर होतो, तिचा. माझं डोकं फिरलं. मी आईला म्हटलं, "लावते पैज. सकाळी तू कर, दुपारी पण तूच कर. तुझाच हात, तुझंच झाड."

आईनं पैज घेतली ती मला तोंडावर पाडायला. पण घेतली ती घेतली. एकाच झाडावर सकाळच्या फुलांना लाल दोरा, उन्हातल्या फुलांना पांढरा. सबंध हंगाम ती दुपारच्या धगीत, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, पांढरे दोरे बांधत राहिली. ती फुलं वाया जाताहेत हे तिला हळूहळू दिसत होतं, तरी एक झाड तिनं सोडलं नाही. मीही कॉलेजच्या आधी पहाटे आणि कॉलेज सुटल्यावर उन्हात शेजारच्या झाडांवर तेच करत होते, शिवाय घरच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी परागाच्या डब्या. माझ्या नवऱ्यानं त्यातली एक मेतकूट समजून भातावर घेतली आणि चव बरी आहे म्हणाला. त्याला अजून मिरची धरलेली नाही, एवढंच.

हंगामाअखेर लाल दोऱ्यांखाली मिरच्या लोंबत होत्या आणि पांढरे दोरे बहुतेक मोकळे. आई ओळीतून चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "दोऱ्याच्या रंगात काई खोट असंन." ही तिची कबुली. याहून मोठी तिनं आयुष्यात कोणाला दिलेली नाही.

मग मी लिहायला बसले, आणि इथं माझी जिरली. मी सुरुवात केली सृष्टीच्या उत्पत्तीपासून. मानव आणि वनस्पती यांचं नातं. मग भारत हा शेतीप्रधान देश. मग महाराष्ट्र, मग विदर्भ, मग मिरचीचं आहारातलं स्थान. थांबा थांबा घेणारी यष्टी असते ना, कोणी हात केला की थांबणारी, तसा माझा पेपर प्रत्येक फाट्यावर थांबत चालला होता. नेटापर्यंत तो पोचला तेव्हा वाचणारा उतरून गेला होता. जर्नलच्या संपादकांनी आठवड्यात परत पाठवला. कधी न भेटलेल्या त्या माणसानं दोनच ओळी लिहिल्या होत्या: तुम्ही काय विचारलं, काय केलं आणि काय दिसलं, हे मला अर्धा पेपर वाचून झाल्यावरही कळलं नाही. कळवाल का?

मला असा राग आला की मी कॉम्प्युटर बंद केला, कणीक मळायला घेतली, आणि कणकेला असे गुद्दे मारले की त्या दिवशीच्या पोळ्या पापडासारख्या झाल्या. पण कणीक मळता मळता मनातल्या मनात मी आईशी भांडत होते, आणि भांडणात मी मानव आणि वनस्पतीवर बोलत नव्हते. मी म्हणत होते: तू म्हणतेस हात जड असतो. मी म्हणते नाही. एकाच हातानं दोन वेळा करून बघितलं. हे बघ लाल, हे बघ पांढरे. आता बोल.

तो माझा पेपर होता! तसाच्या तसा लिहिला. पहिल्या वाक्यात भांडण, दुसऱ्यात माझं म्हणणं, मग काय केलं ते असं की जालन्याच्या एखाद्या अनोळखी बाईनं वाचून आपल्या नेटात तसंच करावं. मग जे दिसलं ते, आणि जिथं दिसलं नाही तिथं दिसलं नाही असं. दोन ओळींमध्ये कीड पडली होती, तेही लिहिलं, कारण आईनं ते भांडणात काढलंच असतं. मी शिकले ते एवढंच. समोर एक हट्टी माणूस बसवायचा, जो कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या प्रत्येक 'काऊन'ला उत्तर द्यायचं. रागात माणूस अलंकार वापरत नाही. वर दोन नावं घातली. माझं आणि आईचं.

आता प्राचार्य येतात. ते इतका वेळ कुठं होते विचाराल, तर मीही तेच विचारते.

त्यांना कुठूनसं कळलं. मला केबिनमध्ये बोलावलं. "या या मॅडम! अहो, आमाले बाहेरून कळते का, आपल्या कॉलेजचा पेपर चालला म्हणून?"

मी म्हटलं, "सर, कॉलेजचा नाही, मिरचीचा आहे."

ते मोठ्यानं हसले आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. वर त्यांचं नाव. खाली संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सहसचिव, विभागप्रमुख, ग्रंथपाल, एका चर्चासत्रात आम्हाला जेवण देणारे एक दानशूर, आणि अध्यक्षांचे जावई, जे दंतवैद्य आहेत. सगळ्यात तळाला मी. पत्रिकेत तळाला बारक्या पोरांची ओळ असते ना, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', त्या जागेवर.

"सर, जावईबापूंनी काय केलं यात?"

"केलं नाई हो. पण ठेवलं नाई तर वाईट वाटते माणसाले. तुमच्या लग्नात तुमी काय ज्यानं मंडप टाकला त्याचंच नाव टाकलं होतं का?"

"आणि माझ्या आईचं नाव?"

"आता आईचं?" त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, शिकेल माणसं वाचतात हे. तिथं शेतातल्या बाईचं नाव पाह्यलं तर हसतीन ना लोक कॉलेजले."

दंतवैद्याला हसणार नव्हते लोक. माझ्या आईला हसणार होते. माझ्या कानशिलात उन्हातलं नेट तापलं.

"सर, तिनं हातानं केलंय ते सगळं."

"हातानंच तर केलं. आपण डोक्याचं बोलून राह्यलो." मग ते सहज, टेबलावरची धूळ पुसावी तसं म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या तासिका लावाच्या हायत अजून. पाहू आपण."

मी उठले. घरी जाऊन नावं घातली. सगळी. भ्याले होते, दुसरं काही नाही. फक्त आईचं नाव काढलं नाही. माझ्याखाली, अगदी तळाला, ते चिकटून राहिलं. सरांना दाखवून पेपर पाठवला; सरांनी तळ वाचला नाही. त्यांचं नाव वरच होतं.

पंधरवड्यात संपादकांचं उत्तर आलं. पेपर पसंत आहे. मात्र, जर्नलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकानं या कामात नेमकं काय केलं ते एकेका वाक्यात लिहून द्यावं, ते छापलं जाईल, आणि प्रत्येकानं स्वतः ते वाचून मेलमधलं हिरवं बटण दाबून संमती द्यावी.

मी सरांकडं गेले. खरंच गेले. म्हटलं, प्रत्येकाचं लिहायचं आहे, तुम्ही सांगा काय लिहू.

"तुमीच लिहा मॅडम. तुमाले जमते ते इंग्लिश."

"सर, जे केलं तेच लिहावं लागेल."

"हो मंग, जे हाय ते लिहा ना! मले काऊन इचारता?"

तुम्ही साक्षीदार आहात. त्यांनी स्वतः सांगितलं.

मी लिहिलं, आणि अशा झकास, इस्त्रीच्या इंग्रजीत लिहिलं की वाचताना झोप यावी. प्रथम लेखकांनी संशोधिकेस केबिनमध्ये बोलावून लेखकांची यादी पुरवली. द्वितीय लेखक त्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. तृतीय व चतुर्थ लेखक त्यांना ओळखतात. पाचव्या लेखकांनी प्रयोगाच्या काळात वनस्पतिशास्त्र विभागाची किल्ली सांभाळली. सहाव्यांनी वाचनालय बंद असताना ते बंद ठेवलं. सातव्यांनी भोजन दिलं, मठ्ठा उत्तम होता. आठव्या लेखकांनी द्वितीय लेखकांच्या कन्येशी विवाह केला. त्यानंतर माझं: प्रश्न मांडला, पराग लावला, निरीक्षणं केली, पेपर लिहिला. आणि आईचं: सकाळ-दुपार दोन्ही वेळा पराग लावला, आणि निष्कर्षाला शेवटपर्यंत विरोध केला.

सगळ्यांना मेल गेले. इंग्रजी, लांबलचक, आणि तळाशी हिरवं बटण. सरांनी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'आपल्या पेपरसंदर्भात मेल आली आहे. सर्वांनी हिरवे बटन दाबावे.' खाली अंगठ्यांची रांग लागली. गुलाबाची फुलं आली, जावईबापूंनी नमस्कार पाठवला. ग्रंथपालांनी बटण दोनदा दाबलं, एकदा निष्ठेचं. संध्याकाळच्या आत सगळ्यांची संमती जमा झाली. पत्रिकेवर आपलं नाव आहे का एवढंच बघायची सवय. मजकूर कोण वाचतं?

फक्त आई अडली. तिच्यासाठी मी मेल उघडून दिला होता, मोबाइल तिच्या हातात दिला, म्हटलं दाब.

"पह्यले वाचून दाखव."

"अगं, तुझंच आहे."

"माह्या बापानं न वाचता आंगठा देल्ला होता एकदा, तवापासून आमच्या घरी वाचल्याबिगर कोनी काईच दाबत नाई. वाच."

मी तिला एकेक वाक्य मराठीत सांगितलं. जावईबापूंपाशी ती इतकी हसली की पाटावरून उतरावं लागलं. तिचं स्वतःचं आलं तेव्हा मात्र तिनं मला थांबवलं. "विरोध केला म्हंजे? हे बी छापतीन?"

"हो."

"छापू दे," म्हणाली, आणि बटण दाबलं.

दोन दिवसांनी संपादकांचं पत्र सगळ्यांना. शब्द अत्यंत नम्र. आपण सर्वांनी वाचून मान्य केलेल्या निवेदनावरून असं दिसतं की जर्नलच्या व्याख्येनुसार लेखक दोनच आहेत. उरलेल्या मान्यवरांची नावं वगळून पेपर प्रसिद्ध करत आहोत. तेही कोणी वाचलं नाही, कारण त्याला बटण नव्हतं.

पेपर प्रसिद्ध झाला त्या सकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. 'जागतिक स्तरावर संशोधन!' वर सर, मग अध्यक्ष, सगळ्यांचे फोटो, जावईबापूंचा पांढऱ्या कोटातला. मी कोपऱ्यात होते, आधार कार्डाएवढी. दुपारी कोणीतरी खरा पेपर आणि मग तो जुना मेलही उघडला असावा, कारण संध्याकाळी फ्लेक्स उतरला आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"हे काय करून ठेवलं मॅडम तुमी? आमची नावं कुठी हायत?"

"सर, जे आहे ते लिहा म्हणालात."

"मठ्ठा उत्तम होता? हे संशोधन हाय का?"

"सर, आपण बटण दाबलंत."

त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत लाल दोऱ्याचा पांढरा दोरा झाला. मला वाटलं होतं त्या क्षणी गार वाटेल. नाही वाटलं. मला त्यांना हलवून विचारावंसं वाटलं, की अहो, इतकी वर्षं वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर म्हणून मिरवता, त्या पेपरात आत काय आहे ते एकदा तरी विचारलंत का? पराग मरतो का नाही, एवढं तरी? एकानंही विचारलं नाही. एकाही माणसाला त्या मिरचीशी घेणंदेणं नव्हतं.

जूनमध्ये तासिकांच्या यादीत मी नव्हते. राहून गेलं म्हणे.

मुलाखतीला गेले, दुसऱ्या जिल्ह्यात. समोरच्या तिघांतल्या एकानं माझा पेपर उलटा धरला, सुलटा केला. "लेखक दोनच? म्हणजे तुमचं स्टाफशी फारसं जमत नाही वाटतं."

"स्टाफनं केलं नव्हतं सर."

"आणि या दुसऱ्या बाई? कोणत्या कॉलेजला असतात?"

"शेडनेटात असतात. आई आहे माझी."

तिघेही हसले. सर म्हणाले होते तसेच. मी हसू संपायची वाट बघितली आणि म्हटलं, "पेपर वाचलात का आपण?" एकानं पेपर मिटून बाजूला ठेवला आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं. जागा ज्याला मिळाली त्याचे पेपर म्हणे पिशवीत मावत नव्हते.

तर आता मी नेटात असते, पहाटेपासून. आमच्या नेटावर हात जड हा शब्द कोणी काढत नाही. उशिरा येणाऱ्या बाईला संध्याकाळचं कळीचं काम देतात. एवढं त्या पेपरानं केलं. आईनं पेपरची पहिली पानं लॅमिनेट करून आपल्या फ्रिजवर लावलीत, आणि आल्यागेल्याला दाखवते. दुसरा पेपर मी सुरू केलाय, फ्रिजमधल्या परागाचा. परवा कळ्या उघडता उघडता ती म्हणाली, "या खेपेले माह्यं नाव पह्यले."

"काऊन? प्रश्न माझा आहे, लिहिणार मी."

"फ्रिज कोनाचा हाय?"

"फ्रिज माझ्या घरचा आहे!"

"मी लग्नात देल्ला होता तो. नाव पह्यले पाह्यजे, नाई तर उद्या मी नाई दोरे बांधत. करजो एकटी."

मी चिडले. चिमटा खाली ठेवला आणि तिच्याशी कडकडून भांडले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या बायका ऐकत होत्या. अजून मिटलेलं नाही. पण हे भांडण मला कबूल आहे. ही बाई त्या धगीत उभी राहिली होती, हिला रुसायचा हक्क आहे.